पाऊस पडला की लिंक जाते: घाटमाथ्यावरच्या एका धरणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

धरण पश्चिम महाराष्ट्रातलं, सह्याद्रीच्या माथ्यालगतचं. गावाचं नाव, साल आणि माणसं मुद्दाम गाळली आहेत, आकडे थोडे गोल केले आहेत. मी तेव्हा पुण्यात, व्हीसॅट, म्हणजे छोट्या डिशवरून उपग्रहामार्फत चालणारी लिंक, बसवून सांभाळणाऱ्या एका कंत्राटदाराकडे फील्ड इंजिनिअर होतो. या धरणावरची लिंक आमच्या गळ्यात होती.

भिंतीच्या टोकाला पत्र्याच्या छपराची नियंत्रण खोली आणि शेजारी सिमेंटच्या चौथऱ्यावर १.२ मीटरची डिश. डिशच्या दांड्यावर २ वॅटचा बक, म्हणजे सिग्नल वर फेकणारं यंत्र, आणि खाली येणारा सिग्नल झेलणारा एलएनबी. लिंक केयू बँडची: वर जाताना साधारण १४ गिगाहर्ट्झ, खाली येताना ११ ते १२. दर १५ मिनिटांनी जलाशयाची पातळी, दरवाजांची स्थिती आणि पर्जन्यमापकाचा आकडा विभागीय कार्यालयात जायचा. सोबत दोन कॅमेऱ्यांचं चित्रही जायचं, सतत.

नदीकाठच्या गावांना विसर्गाचा इशारा द्यायचा, तो हे आकडे बघून. म्हणजे लिंकची खरी गरज वर्षातले मोजके दिवस, आणि ते दिवस धो-धो पावसाचे. लिंक नेमकी त्याच दिवशी जायची.

अडचण

पहिल्या पावसाळ्यातच तक्रारी सुरू झाल्या. जुलैमध्ये तर हबवरचा, म्हणजे सगळ्या साइट्सच्या लिंक जिथे एकत्र येतात त्या केंद्रावरचा, ड्यूटी इंजिनिअर फोन उचलताच विचारायचा, "धरण ना?" आमच्या कार्यालयाचं उत्तर ठरलेलं होतं: केयू बँड आहे, रेन फेड, म्हणजे पावसाने सिग्नल क्षीण होणं, होणारच, आणि करारात वर्षाला ९९.५ टक्के उपलब्धता आहे, ती आम्ही देतो आहोत.

हे उत्तर खोटं नव्हतं. ९९.५ टक्के म्हणजे वर्षात जवळपास ४४ तास लिंक बंद राहिली तरी चालतं. पण हे ४४ तास डिसेंबरच्या निळ्या आभाळात कुणी वापरत नाही. ते सगळे जून ते सप्टेंबरमध्ये खर्च होतात, त्यातले बरेच एकाच आठवड्यात. आमचा अहवाल हिरवा आणि शाखा अभियंता लाल, अशी अवस्था होती.

त्यांनी बैठकीत दोन कागद समोर ठेवले. एका दिवशी सकाळी आठच्या नोंदीत २१० मिलिमीटर पाऊस, लिंक दिवसभर चालू. दुसऱ्या दिवशी ९० मिलिमीटर, लिंक चार वेळा बंद. "पावसाने जाते म्हणता, मग जास्त पावसात का नाही गेली?" माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. कुणीतरी आयनोस्फिअरचं, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचं, नाव घेतलं. तो धागा तिथेच तोडावा लागला: आयनोस्फिअरचा परिणाम वारंवारितेच्या वर्गाच्या प्रमाणात घटत जातो. चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळून जातं, म्हणून जीपीएस आणि आपल्या नाविक या दिशादर्शक यंत्रणांना त्याचा जाच होतो. १२ गिगाहर्ट्झला तो नगण्य. आपला गुन्हेगार त्याच्या खूप खाली, जमिनीपासून चार-पाच किलोमीटरच्या आतच होता.

पावसाचा हिशेब

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय यावर उभे आहेत.

१२ गिगाहर्ट्झची तरंगलांबी अडीच सेंटिमीटर, पावसाचा थेंब एक ते पाच मिलिमीटरचा. तरंगलांबी थेंबाच्या मापाकडे सरकत जाते तसा थेंब सिग्नल जास्त शोषतो आणि विखुरतो. तासाला १०० मिलिमीटर वेगाच्या पावसात ४ गिगाहर्ट्झचा सी बँड किलोमीटरमागे जेमतेम ०.२ डेसिबल गमावतो, १२ गिगाहर्ट्झ साडेपाच, आणि २० गिगाहर्ट्झ बाराच्या आसपास. ३ डेसिबल गेले म्हणजे निम्मी शक्ती गेली, १० गेले म्हणजे दहावा हिस्सा उरला, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

या हिशेबात 'वेग' हा शब्द महत्त्वाचा. दिवसभरात किती पडला याला सिग्नलच्या लेखी किंमत नाही. या क्षणी किती जोरात पडतो आहे याला आहे. २१० मिलिमीटर चोवीस तासांत सारखा पडला तर तासाला नऊसुद्धा होत नाही. घाटमाथ्यावरची झड अशीच असते: बारीक थेंब, संततधार, ढगही फार उंच नाहीत. उलट ९० मिलिमीटरमधले ४० एका तासात कोसळले तर लिंक आडवी. सकाळी आठला मोजपात्र रिकामं करून लिहिलेल्या आकड्यात हा फरक दिसतच नाही. तो दिसतो टिपिंग बकेटच्या पर्जन्यमापकात, कारण त्यातली चिमुकली बादली प्रत्येक उलटण्याची वेळ नोंदवते. तो मापक धरणावर होता. त्याची नोंद आमच्याच लिंकवरून जात होती. ती आम्ही कधी उघडून पाहिली नव्हती, हे लिहिताना आजही थोडी लाज वाटते.

दुसरी गोष्ट नॉइजची, म्हणजे सिग्नलमध्ये मिसळणाऱ्या खरखरीची; ती तापमानासारखी केल्विनमध्ये मोजतात. निरभ्र आभाळाकडे बघणारी डिश थंड आभाळ बघते. तिचा आणि एलएनबीचा मिळून नॉइज साधारण १२० केल्विन धरा. मध्ये पाऊस आला की डिश पावसाकडे बघते, आणि पाऊस पावणेतीनशे केल्विनचा. म्हणजे पाऊस सिग्नल खातो तो खातोच, वर स्वतःचा नॉइज ओततो. पावसाने सिग्नल ३ डेसिबलने घटवला तर सी-बाय-एन, म्हणजे सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर, सहा डेसिबलहून जास्त घसरतं. ही दुहेरी मार फक्त खाली येणाऱ्या दिशेला. वर जाणाऱ्या सिग्नलसाठी उपग्रहाची डिश एरवीही उबदार पृथ्वीकडेच बघत असते, तिला पावसाने नवा नॉइज मिळत नाही. पण १४ गिगाहर्ट्झचं शोषण जास्त असतं.

पहिला अंदाज कुठे चुकला

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मी धरणावर गेलो आणि चार दिवस राहिलो. खोलीत वायरलेसवर बसणारे एक ज्येष्ठ कर्मचारी होते, सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी वहीत लिंक जाण्या-येण्याच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या, कुणी सांगितलं नसताना. पहिल्या संध्याकाळी म्हणाले, "साहेब, पाऊस सोडा, नुसतं धुकं उतरलं तरी जातंय हो हे."

मी हसून सोडून दिलं. धुक्यातले थेंब इतके बारीक असतात की केयू बँडला त्यांचा त्रास होत नाही, हे मी पुस्तकात वाचलेलं आणि ते बरोबरही आहे. माझं चुकलं ते पुढच्या पायरीवर. धुकं सिग्नल खात नसेल आणि तरीही धुक्यात लिंक जात असेल, तर खाणारं दुसरं काही आहे, हा सरळ निष्कर्ष मी दोन दिवस काढला नाही.

तिसऱ्या दिवशी मामांची वही, मापकाची नोंद आणि मोडेममधली सी-बाय-एनची नोंद एकाच कागदावर मांडली. बंद पडण्याचे दोन प्रकार वेगळे झाले. एका प्रकारात पाऊस वाढला, लिंक गेली, पाऊस उतरला, चार-पाच मिनिटांत लिंक परत. हा खरा रेन फेड. दुसऱ्या प्रकारात पाऊस थांबूनही लिंक पाऊण तास येत नव्हती. धुक्यातल्या घटना या गटात पडत होत्या. आभाळातला पाऊस थांबला की रेन फेड थांबतो, तो रेंगाळत नाही. रेंगाळतं ते उपकरणावर बसलेलं पाणी.

सकाळी स्टूल घेऊन फीडहॉर्नपाशी, म्हणजे डिशने गोळा केलेला सिग्नल जिथे शिरतो त्या कर्ण्यापाशी, गेलो. त्याच्या तोंडावर पातळ प्लास्टिकचं झाकण असतं. उन्हाने ते पांढरं पडून तडकलं होतं, आणि आतल्या बाजूने पाण्याचे मणी लटकत होते. झाकण काढून नुसतं रुमालाने पुसलं आणि सी-बाय-एन चढलेलं मोडेमवर दिसलं. एलएनबीच्या केबलचा एफ कनेक्टर उघडला तर तांब्यावर हिरवट थर.

आणखी एक गोष्ट निघाली. लिंक बसवतानाच्या अहवालात निरभ्र आभाळाखालचं सी-बाय-एन १३ डेसिबल होतं. आम्ही फीड पुसून, कनेक्टर बदलूनही ११.५ च्या वर जाईना. डिश अर्ध्या अंशाने हललेली होती. मामांनी कारण सांगितलं: वानरं दांड्यावर झोके घेतात. १.२ मीटरच्या डिशचा झोत दीड अंशाचा; अर्धा अंश हलली तर सव्वा-दीड डेसिबल जातात. वानरांचा उल्लेख अहवालात केला तर वरिष्ठांनी तो खोडून 'यांत्रिक विचलन' असं लिहिलं.

मार्जिन किती उरलं होतं

हब एकाच ठरावीक मोड्युलेशनवर, म्हणजे सिग्नलवर माहिती चढवायच्या पद्धतीवर, चालत होता: ८ पीएसके ३/४. त्याला किमान ८ डेसिबल लागतात. ११.५ मधून ८ गेले, उरलं साडेतीन. नॉइजची दुहेरी मार धरली तर हे साडेतीन डेसिबल म्हणजे प्रत्यक्षात पावसाचं फक्त १.४ डेसिबल शोषण. आमची डिश जवळपास ७० अंशांवर, म्हणजे बरीचशी डोक्यावरच, बघते. पावसातला तिरका मार्ग ३ किलोमीटर धरला तर तासाला १२-१३ मिलिमीटर पाऊस पुरेसा. घाटात त्याला कुणी जोराचा पाऊस म्हणत नाही, छत्री बंद करून चालतात.

पर्याय

दिवाळीनंतर बैठक झाली. टेबलावर पाच पर्याय होते.

सी बँडला पाऊस जवळपास दिसतच नाही, त्यामुळे शाखा अभियंत्यांचा कल तिकडे होता. पण त्याला अडीच मीटर किंवा त्याहून मोठी डिश, घाटवाऱ्याला पुरणारा पाया आणि उपग्रहावरची जागा नव्याने घ्यायची. शिवाय २०२२ च्या लिलावात ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झ ५जीला गेल्यापासून सी बँडच्या एलएनबीला शेजाऱ्याचा गोंगाट सहन करावा लागतो, त्यासाठी फिल्टर हवा. पैसा आणि वेळ दोन्ही नव्हते.

४जी राउटर सगळ्यात स्वस्त. मी तो बॅकअप म्हणून लावायला तयार होतो, मुख्य म्हणून नाही. पावसाने आधी वीज जाते, मग टॉवरची बॅटरी, मग दरडीखाली फायबर. ज्या कारणाने मुख्य लिंक जाते त्याच कारणाने बॅकअपही जात असेल तर तो नावापुरता.

मोठा बक, २ ऐवजी ४ वॅटचा: ३ डेसिबल मिळतात, पण फक्त वर जाणाऱ्या दिशेला. मोठी डिश, १.२ ऐवजी १.८ मीटरची: साडेतीन डेसिबल, आणि दोन्ही दिशांना. मात्र वारा अडवणारं क्षेत्रफळ सव्वादोन पट.

पाचवा पर्याय हबवरचा. डीव्हीबी-एस२ या पद्धतीत, जी २००५ पासून प्रमाण आहे, हब प्रत्येक साइटचं सी-बाय-एन ऐकून मोड्युलेशन क्षणोक्षणी बदलू शकतो. पाऊस आला की ८ पीएसके सोडून क्यूपीएसके १/२ या हळू पण दणकट पद्धतीवर उतरायचं. तिथे किमान एक-दीड डेसिबल पुरतात, म्हणजे साडेसहा डेसिबल फुकटात. किंमत एवढीच की वेग निम्म्याहून खाली येतो.

इथे बैठकीतला कळीचा प्रश्न आला, आणि तो तांत्रिक नव्हता. वेग निम्मा झाला तर काय सोडायचं? पातळीचा आकडा काही बाइट्सचा, तो चिंचोळ्यातूनही जातो. सगळी रुंदी खात होते दोन कॅमेरे. वरिष्ठांना चित्र हवं होतं, कारण मोठ्या पडद्यावर दरवाजातून उसळणारं पाणी दिसतं. शाखा अभियंता म्हणाले, "पाणी उसळतंय हे मला माहीत आहे. किती, ते सांगा." त्यावर ठरलं: सी-बाय-एन खाली आलं की कॅमेरे आपोआप बंद, आकडे चालू.

काय केलं

पहिल्या टप्प्यात पैसे न लागणारी कामं केली. फीडचं झाकण नवं, कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप, डिश पुन्हा पीक केली, म्हणजे सिग्नल सर्वाधिक मिळेल अशी रोखली, दांड्याला वानरांसाठी काटेरी पत्रा. हबवर बदलतं मोड्युलेशन सुरू झालं. नोंदणी यंत्रात साठवण चालू केली, म्हणजे लिंक नसताना आकडे साठतील आणि परत आली की जातील. आधी ते सरळ हरवत होते, आणि हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. हिशेबाने पावसाचं सोसता येणारं शोषण १.४ वरून ७ डेसिबलवर, म्हणजे तासाला ४५-५० मिलिमीटरपर्यंत गेलं. मोठी डिश 'गरज पडल्यास' म्हणून बाजूला ठेवली. हा निर्णय माझा होता.

तो जूनमध्येच चुकीचा ठरला. हबकडून साइटला येणारा सिग्नल टिकून होता, मोडेम आनंदाने क्यूपीएसकेवर उतरत होता, पण साइटचं बोलणं हबला ऐकू येईना. खाली येणाऱ्या दिशेवर मी इतका वेळ घालवला होता की वर जाणारी १४ गिगाहर्ट्झची दिशा आता साखळीतली कच्ची कडी झाली आहे हे पाहिलंच नाही. तासाला ४८ मिलिमीटरच्या पावसात तिथे नऊ डेसिबल जातात. २ वॅटच्या बककडे तेवढं राखीव नव्हतं. हबने साइटची वरची वाहिनी पावसात अरुंद करायला सुरुवात केली, त्याने थोडं निभावलं.

त्या जुलैत एका रात्री लिंक वीस मिनिटं बंद होती आणि दरवाजे उघडायची वेळ आली. मामांनी वायरलेस संचावर पातळी वाचून दाखवली: मीटर, सेंटिमीटर, दरवाजा क्रमांक. पलीकडून आकडा परत म्हणून घेतला गेला. तो संच व्हीएचएफचा, त्याची तरंगलांबी दोन मीटरच्या आसपास. त्या तरंगाला पाऊस आहे की नाही याचा पत्ताही लागत नाही. आमच्या प्रकल्प अहवालात तो संच 'कालबाह्य, टप्प्याटप्प्याने बंद करावा' या शीर्षकाखाली होता. ते वाक्य आम्ही काढलं.

पुढच्या एप्रिलमध्ये, वळिवाच्या आधी, १.८ मीटरची डिश नव्या पायावर उभी राहिली.

निकाल

तिसऱ्या पावसाळ्यात झडीच्या दिवसांत लिंक एकदाही गेली नाही. हिशेबाने आता तासाला ६०-६५ मिलिमीटरपर्यंत खालची दिशा तगते, वरची त्याहून थोडी आधी हात टेकते. कॅमेरे मात्र वारंवार बंद झाले, आणि पहिल्या महिन्यात त्यावरून फोनही आले.

लिंक गेली ती ऑक्टोबरमध्ये. परतीच्या पावसाचे गडगडाटी ढग उंच असतात, थेंब टपोरे, आणि अर्ध्या तासात आभाळ रिकामं होतं. अशा दोन संध्याकाळी दहा-बारा मिनिटं लिंक नव्हती. साठवलेले आकडे नंतर पोचले. ढगांच्या या दोन जातींमध्ये फरक करायला हवा होता. आम्ही डिझाइनला एकच 'पावसाळा' धरला होता. महाबळेश्वरला पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेची २०१२ पासून ढगांची प्रयोगशाळा आहे. घाटातला पाऊस कसा असतो हे शोधायला फार लांब जावं लागलं नसतं.

करारही बदलला. आता वर्षाची उपलब्धता मोजत नाहीत. सर्वात वाईट महिन्याची मोजतात. आमच्या व्यवस्थापनाने त्याला बराच विरोध केला, कारण तोच पावसाळा वर्षाच्या हिशेबाने हिरवा आणि महिन्याच्या हिशेबाने लाल दिसत होता.

पुन्हा करायचं झालं तर

मामांची वही पहिल्या दिवशी उघडेन. मापकाच्या नोंदी आणि सी-बाय-एन एका कागदावर मांडायला एक दुपार लागली. ती दुपार पहिल्या तक्रारीलाच घालवता आली असती. दोन्ही दिशांचं मार्जिन वेगवेगळं काढेन, आणि मोठी डिश पहिल्याच उन्हाळ्यात मागेन.

एक पर्याय आम्ही टेबलावर आणलाच नाही. हवामान खात्याची स्वयंचलित केंद्रं इन्सॅट मालिकेच्या उपग्रहांमार्फत ४०२.७५ मेगाहर्ट्झवर आकडे पाठवत आली आहेत. वेग नगण्य, पण तरंगलांबी पाऊण मीटर, पाऊस त्याला कळतही नाही. काही बाइट्सच्या पातळीसाठी तो पुरला असता. आम्ही व्हीसॅटवाले, आमच्या डोक्यात व्हीसॅटच आला.

आता त्याच खोलीत केए बँडचा, म्हणजे केयूहूनही वरच्या वारंवारितेचा, प्रस्ताव येऊन पडला आहे. उपग्रह आहेत: नोव्हेंबर २०२४ मध्ये फाल्कन-९ वरून गेलेला जीसॅट-एन२ केए बँडचाच आहे. डिश छोटी, वेग भरपूर, कॅमेरे दोनाचे सहा करता येतील असं पत्रकात लिहिलं आहे. शाखा अभियंत्यांनी तो माझ्याकडे पाठवला. तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि तोच ३ किलोमीटरचा मार्ग धरून मी समासात दोन आकडे लिहिले: खाली येताना आठ डेसिबल, वर जाताना पंधरा. केयूला हेच खाली येताना तीनच्या आसपास होते. खाली एक प्रश्न लिहून कागद परत केला: उपलब्धतेचा आकडा वर्षाचा की जुलैचा? उत्तर अजून आलेलं नाही.